नारू गेला, तहान उरली : जागतिक उद्दिष्टांचा बिदर-कलबुर्गीतील हिशेब

शाश्वत विकासाच्या जागतिक उद्दिष्टांची मुदत २०३० साली संपते. २५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ही १७ उद्दिष्टे आणि त्यांच्या पोटातील १६९ लक्ष्ये एकमताने स्वीकारली, तेव्हा पंधरा वर्षांचा काळ भरपूर वाटला होता. संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४ च्या अहवालानुसार या लक्ष्यांपैकी जेमतेम १७ टक्के वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकत आहेत, तर एक तृतीयांशाहून अधिक ठप्प आहेत किंवा चक्क मागे गेली आहेत. साथरोग, युद्धे, कर्जबाजारी देश, हवामानातील उलथापालथ ही कारणे त्या अहवालात येतात आणि ती खोटी नाहीत. मात्र एखादे उद्दिष्ट नेमके कशाने साधते आणि कशाने हुकते, हे न्यूयॉर्कच्या कोष्टकांत फारसे दिसत नाही. ते पाहण्यासाठी आपल्या शेजारच्याच राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत जाणे अधिक उपयोगाचे.

हे जिल्हे का, हे समजण्यासाठी आधी एक आकडा पाहू. निती आयोग दर काही वर्षांनी राज्यांचा शाश्वत विकास निर्देशांक प्रसिद्ध करतो. २०२०-२१ च्या निर्देशांकात गोवा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना शंभरपैकी ७२ गुण मिळाले. देशाची सरासरी ६६ होती. दोन शेजारी बरोबरीत, हे वाचून आपल्याला विशेष काही वाटले नाही. गोव्यात दोन जिल्हे होते, पेडण्याहून काणकोणला दुपारच्या जेवणाच्या आत पोहोचता येते. इथे राज्याची सरासरी आणि गावची परिस्थिती यांत अंतर असले तरी ते डोळ्यांना दिसणारे असते. कर्नाटकाचे तसे नाही. त्या ७२ गुणांत बंगळूरचे उत्पन्न, मंगळूरच्या शाळा आणि उडुपीची रुग्णालये आहेत. आणि २०११ च्या जनगणनेत जिथे निम्म्याच्या किंचित वर, सुमारे ५५ टक्के स्त्रियांना लिहिता-वाचता येत होते, तो तेव्हाचा गुलबर्गा जिल्हाही आहे. त्याच जनगणनेत कर्नाटकाची एकूण साक्षरता ७५ टक्क्यांच्या वर, गोव्याची ८८ टक्क्यांच्या वर आणि गुलबर्ग्याची ६५ टक्क्यांच्या आत होती. बिदर ७० वर होते. सरासरी खोटे बोलत नाही, पण ती कोणाविषयी बोलते हे सांगत नाही.

या भागाचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे अक्षरशः तुकडे झाले : उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, झहिराबाद-नारायणखेड आंध्रात गेले आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्याकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गीकडचा आळंद या पट्ट्यात मराठी आजही घराघरांत बोलली जाते. सीमावादाची बाजू इथे बाजूला ठेवू. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, बिदर-कलबुर्गीचा हा भाग ज्या राज्याकडे गेला त्याच्या राजधानीपासून फार दूरचा ठरला.

या मुलखात एक जागतिक उद्दिष्ट पूर्णपणे, शंभर टक्के, साध्य झाले आहे आणि आज त्याची कोणाला आठवणही नाही. ते म्हणजे नारूचे निर्मूलन.

आजच्या तरुण वाचकाला नारू हा शब्दही कदाचित ठाऊक नसेल. मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकातील वृद्धांना तो विचारून पाहावा. पायऱ्यांच्या विहिरीतील, म्हणजे बारवेतील पाणी प्यायल्यावर साधारण वर्षभराने पायाच्या कातडीखाली फोड येई आणि त्यातून दोन-तीन फूट लांबीचा, दोऱ्यासारखा जंत हळूहळू बाहेर निघे. तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढावा लागे. तुटला तर पाय सडे. ऐन पेरणीत घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळे. दाह शमावा म्हणून रोगी पाण्यात पाय बुडवी. बारवेच्या शेवटच्या पायरीवर तो उतरला की जंताची पिल्ले पाण्यात पडत, ती पाण्यातील एक सूक्ष्म जीव गिळे आणि तेच पाणी पुढच्या घागरीतून गावाच्या पोटात जाई. या रोगावर ना लस होती, ना औषध.

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे दशक पेयजल आणि स्वच्छतेचे दशक म्हणून जाहीर केले होते. दशकाचे मूळ उद्दिष्ट, म्हणजे १९९० पर्यंत सर्वांना सुरक्षित पाणी, साफ हुकले. नारूचे निर्मूलन मात्र त्याच दशकाच्या कार्यक्रमात एक पोटउद्दिष्ट म्हणून जोडले गेले होते आणि तेवढे भारताने तडीस नेले. १९८४ साली देशात सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत ३९,७९२ रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये त्या सातांत होती. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

हे कसे जमले, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मोहिमेने आधी यादी केली. टक्केवारी नव्हे, गावांची नावे. आरोग्य कर्मचारी वर्षातून ठरावीक वेळा घरोघर जाऊन रुग्ण शोधत. रुग्णाची खबर देणाऱ्याला रोख बक्षीस मिळे. रुग्ण सापडला की त्याने पाणी कुठून प्यायले ती विहीर शोधली जाई. तिच्या पायऱ्या बुजवून तिला रहाटाची विहीर केले जाई, किंवा गावात हातपंप बसवला जाई, पाण्यात ठरावीक मात्रेत औषध टाकले जाई आणि घरोघरी पाणी गाळण्यासाठी बारीक कापड वाटले जाई. पुढच्या वर्षी पुन्हा तेच घर, तीच विहीर. गाव यादीतून तेव्हाच वगळले जाई जेव्हा सलग तीन वर्षे तिथे एकही रुग्ण आढळत नसे. आकडा शून्य असल्याशिवाय यश नाही, ही अट मोठी निर्दय होती. पण तिने सरासरीला वावच ठेवला नाही. ९७ टक्के गावे मुक्त झाली, असे म्हणून कोणाला हार-तुरे घेता आले नाहीत, कारण उरलेल्या तीन टक्क्यांतील एक रोगी बारवेत उतरला तर सारे पुन्हा सुरू होणार होते. जगभरही हीच पद्धत वापरली गेली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला लाखो लोकांना छळणाऱ्या या रोगाचे २०२३ साली माणसांमधील केवळ १४ रुग्ण उरले.

काही जण म्हणतील, नारू हा सोपा शत्रू होता; गरिबी, शिक्षण, भूक यांना अशी एक विहीर नसते जी बुजवली की काम झाले. आक्षेप रास्त आहे. पण पाण्याचेच उदाहरण घेऊ. २००० साली ठरलेल्या सहस्रक विकास उद्दिष्टांत सुरक्षित पाण्यावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आणायचे होते. ते लक्ष्य २०१० मध्येच, मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले गेल्याची घोषणा झाली. मोजणी मात्र स्रोताच्या प्रकाराची होती : हातपंप किंवा नळ असला की तो ‘सुधारित स्रोत’. त्यात उन्हाळ्यात पाणी येते का, ते पिण्याजोगे आहे का, हे त्या मोजणीत नव्हते. विंधन विहीर कोरडी पडली तरी ती कागदावर सुधारितच राहिली. बिदर-कलबुर्गीसारख्या कठीण खडकाच्या प्रदेशात ही पळवाट किती मोठी आहे, हे एप्रिल-मे महिन्यांत तिथे गेलेल्या कोणालाही कळते.

इथे गोमंतकीय वाचकाला ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते जांभ्या दगडाचे आहे; आपल्याकडे ज्याचे चिरे काढतात तोच दगड. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या काळ्या, घट्ट कातळापाशी अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने फुटते. गोव्यातील कितीतरी देवळांच्या तळ्या आणि झरी याच न्यायाने चालतात. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली, तेव्हा त्यांच्या पदरच्या इराणी जाणकारांनी हे ओळखले आणि पठाराच्या पोटात भुयारी कालवे खोदले. त्यांना करेझ किंवा सुरंग बावडी म्हणतात. जमिनीवर ठरावीक अंतराने विहिरीसारखी उसासे-मुखे, खाली हलक्या उताराचे भुयार, त्यातून कोणताही पंप न लावता वाहणारे पाणी. नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशी तीन करेझ बिदरमध्ये ज्ञात आहेत. नौबादचे भुयार सुमारे दोन किलोमीटर लांबीचे आहे.

नळ आले, विंधन विहिरी आल्या आणि ही मुखे कचऱ्याने भरली. काहींवर बांधकामे झाली. गेल्या दशकात केरळमधील भूगोल अभ्यासक वल्लियिल गोविंदनकुट्टी यांनी स्थानिक तरुणांसह या भुयाराचा नकाशा तयार केला, जिल्हा प्रशासनाने पाठबळ दिले आणि नौबादच्या करेझमधील गाळ उपसला गेला. पाणी पुन्हा वाहू लागले. ही बातमी तेव्हा देशभर गाजली आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. पण करेझ म्हणजे ताजमहाल नव्हे, की एकदा धुतला आणि तिकीट लावले. त्याचे पाणी पठारावर किती मुरते यावर अवलंबून आहे. वर वसाहती वाढल्या, जमीन फरसबंद झाली आणि शेजारी शेकडो फूट खोल विंधन विहिरी खणल्या गेल्या की खालचे भुयार उपसून काय उपयोग? मुरण्याचे क्षेत्र कोणाचे, नगरपालिकेचे की महसूल खात्याचे, उसासे-मुखांची निगा पुरातत्त्व खात्याची की पाणीपुरवठा मंडळाची, हे ठरल्यावाचून अशी कामे एका उत्साही जिल्हाधिकाऱ्याच्या कारकिर्दीएवढीच टिकतात. अधिकाऱ्याची बदली ही आपल्याकडील विकास-उद्दिष्टांच्या अपयशाची सर्वांत कमी अभ्यासली गेलेली बाब असावी.

नदीचा प्रश्न याहून अवघड. बिदरची मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूरमार्गे बिदरमध्ये येते आणि तेलंगणात शिरून पुढे गोदावरीला मिळते. म्हादईच्या वादात कर्नाटक वरच्या अंगाला असल्याचे आपण रोज वाचतो; मांजरेवर तेच कर्नाटक महाराष्ट्राच्या खालच्या अंगाला आहे आणि त्याची गाऱ्हाणी आपल्या गाऱ्हाण्यांसारखीच आहेत. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वर्षी नदीच्या खालच्या गावांच्या वाट्याला काय आले असेल याची कल्पना करता येते. शाश्वत विकासाचे सहावे उद्दिष्ट नदीखोऱ्याच्या एकात्मिक व्यवस्थापनाविषयी सुंदर भाषेत बोलते. गुण मात्र राज्यागणिक दिले जातात. मांजरेचे गुण कोणत्या राज्याच्या प्रगतिपुस्तकात लिहायचे, याचे उत्तर त्या पद्धतीत नाही.

कर्नाटकाने सरासरीचा हा दोष ओळखला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट देशात फार थोड्या राज्यांनी केले तेवढे काम तिथे झाले. अर्थशास्त्रज्ञ डॉ. डी. एम. नंजुंडप्पा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जून २००२ मध्ये अहवाल दिला. तिने जिल्हा हे माप सोडून तालुका हे माप घेतले, ३५ निकष लावले आणि राज्याची सरासरी १ धरून तेव्हाच्या १७५ तालुक्यांना गुण दिले. त्यातून ११४ तालुके मागास ठरले आणि त्यांपैकी ३९ अतिमागास. या ३९ पैकी २१ एकट्या गुलबर्गा महसूल विभागात होते. आठ वर्षांत ३१ हजार कोटी रुपये खर्चाची योजना समितीने सुचवली. त्यातले १६ हजार कोटी नेहमीच्या तरतुदींव्यतिरिक्त. महाराष्ट्रात १९८४ च्या दांडेकर समितीने ‘अनुशेष’ हा शब्द रूढ केला होता. नंजुंडप्पांनी तो हिशेब तालुक्यापर्यंत नेला. जागतिक उद्दिष्टांचे ‘कोणालाही मागे ठेवायचे नाही’ हे ब्रीद जन्माला येण्याच्या तेरा वर्षे आधी या समितीने मागे कोण राहिले आहे त्यांची नावे लिहून दिली होती.

पुढे संविधानाच्या ९८ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (जे) आला. त्याच्या आधारे २०१३ साली हैदराबाद-कर्नाटक प्रदेश विकास मंडळ स्थापन झाले. २०१९ मध्ये प्रदेशाचे नाव कल्याण कर्नाटक झाले. स्थानिकांना या प्रदेशातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा आणि नोकऱ्यांत आरक्षण मिळाले. (गोव्यासाठीही ३७१ मध्ये एक पोटकलम आहे, पण ते विधानसभेच्या सदस्यसंख्येपुरते, विकासाशी त्याचा संबंध नाही.) शिक्षणातील आरक्षणाचा परिणाम ठळक आहे : कलबुर्गी-बिदरच्या अनेक घरांत पहिला डॉक्टर, पहिला अभियंता या तरतुदीमुळे झाला. ज्याला जागा मिळते त्याचे नाव असते, गुणपत्रक असते, न मिळाल्यास तो न्यायालयात जाऊ शकतो. विकासनिधीचे तसे नाही. तो रस्ते, सभागृहे, इमारती यांत चटकन खर्ची पडतो. परिचारिका, शिक्षक, पाणी तपासणारा माणूस यांच्या रिक्त जागा तशाच राहतात, कारण इमारतीचे उद्घाटन होते आणि भरलेल्या पदाचे होत नाही. प्रादेशिक असमतोलाचा पुन्हा अभ्यास करण्यासाठी कर्नाटक सरकारला २०२४ साली प्रा. एम. गोविंद राव यांची समिती नेमावी लागली, यातच पुष्कळ आले.

मधल्या पायरीवर असण्याचेही एक दुर्दैव असते. केंद्राने २०१८ मध्ये देशातील ११२ ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले आणि त्यांच्या निर्देशकांवर दरमहा लक्ष ठेवले. कर्नाटकातून रायचूर आणि यादगीर यांची निवड झाली. यादगीर तर २००९ च्या अखेरीपर्यंत गुलबर्ग्याचाच भाग होता. बिदर आणि कलबुर्गी सर्वांत वाईट नव्हते म्हणून राहिले; सर्वांत चांगल्यांच्या जवळपासही नव्हते.

आणि तरीही, या सगळ्या मोजमापांच्या खाली एक थर असा होता जो कुठल्याच कोष्टकात बसत नव्हता. बंजारा तांडे. गोव्यात ज्यांना आपण लमाणी म्हणतो आणि ज्यांच्या श्रमांवर आपल्या रस्त्यांची आणि इमारतींची कामे कित्येक वर्षे चालली, त्यांतील पुष्कळ कुटुंबे उत्तर कर्नाटकातील अशा तांड्यांतून येतात. तांडा बहुधा मूळ गावापासून दूर, माळावर किंवा वनजमिनीच्या कडेला असतो. महसूल दप्तरी त्याला गाव म्हणून अस्तित्व नसले की घराचा उतारा नाही. उतारा नाही म्हणून कर्ज नाही, घरकुल मिळवताना अडचण, नळयोजनेच्या आराखड्यात तो मूळ गावाचा एक वेडावाकडा उपांग. गावात नळ आला की आकडा पूर्ण होतो, तांड्यावर येवो वा न येवो.

हे बदलण्याचे मोठे पाऊल अलीकडे पडले. कलबुर्गी, यादगीर, रायचूर, बिदर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १,४७५ नोंदरहित वस्त्यांना महसुली गावांचा दर्जा देण्यात आला आणि १९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे पंतप्रधानांच्या हस्ते पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना हक्कपत्रे देण्याचा कार्यक्रम झाला. निवडणूक तोंडावर होती, हे खरे. पण हक्कपत्र निवडणुकीनंतरही कपाटात राहते. सतरा उद्दिष्टांपैकी निदान पाच-सहा तरी, गरिबी, आरोग्य, शिक्षण, पाणी, विषमता, एका नोंदवहीतील एका ओळीवर अडली होती, ही गोष्ट विकासाविषयी बोलणाऱ्या सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. ही ओळ लिहायला ना जागतिक निधी लागत होता, ना नवे तंत्रज्ञान. लागली ती बरीच वर्षे.

गोव्याने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले देशातील पहिले राज्य हा मान मिळवला. सर्व ३७८ गावांच्या ग्रामसभांचे ठराव त्यामागे होते आणि ते यश मोठेच आहे. मात्र ग्रामसभेत बसणारे ते गावकरी. बांधकामाच्या आवारात पत्र्याच्या खोपटात राहणारे कुटुंब ग्रामसभेत येत नाही आणि ‘घर’ या व्याख्येतही सहसा येत नाही. ते कुटुंब तांड्यावर असेल तेव्हा कर्नाटकाच्या आकड्यात, इथे असेल तेव्हा कोणाच्याच नाही. दोन्ही राज्यांना ७२ गुण मिळाले त्या वर्षी या कुटुंबाला किती मिळाले, हे कोणी विचारले नाही.

केंद्राच्या जलजीवन अभियानाची २०२४ ची मुदत आता २०२८ पर्यंत लांबली आहे. त्याआधी जनगणना आहे. २०२१ ची हुकलेली ही गणना आता होत असून लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे, संदर्भदिन १ मार्च. नव्याने महसुली दर्जा मिळालेले तांडे स्वतःच्या नावाने मोजले जाण्याची ही पहिली संधी. अडचण कॅलेंडरची आहे. कलबुर्गीची तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. काढणी आटोपली की तांड्यावर म्हातारी माणसे आणि कुलपे उरतात, बाकीचे मुंबई, पुणे, हैदराबाद आणि गोव्याची वाट धरतात. फेब्रुवारीत प्रगणक मळखेडच्या आसपासच्या एखाद्या तांड्यावर पोहोचेल तेव्हा त्या घरातील माणसे कदाचित वास्को किंवा पर्वरीच्या एखाद्या बांधकामावर असतील, आणि तिथल्या खोपटाचे दार ठोठवायचे की नाही, हे आपल्याकडच्या प्रगणकाला ठरवावे लागेल.